गुरुवारी न येणारा चोर

योगिनी लोमटे सहावीत माझ्या वर्गात आली, तेव्हा तिची एक सवय लगेच माझ्या लक्षात आली. हजेरी घेताना बाकीच्या मुली आपलं नाव कधी येतं याची वाट बघत. ही रिकाम्या बाकांकडे बघायची. मी हजेरीपट मिटायच्या आत उभी राहून सांगायची, "बाई, चिमा आलेली नाही. काल तिचं अंग गरम लागत होतं." आईवडील गेल्यावर थोरल्या भावाबरोबर अंबाजोगाईकडून भोसरीत आलेली ही मुलगी. कोण आलं नाही, कोण मागे राहिलं, हे तिला सगळ्यांच्या आधी दिसायचं. अशा मुलीच्या हातून चूक झाली, आणि तीही नेमकी याच बाबतीत.

थोरला भाऊ म्हणजे समाधान. एमआयडीसीत दादासाहेबांच्या कारखान्यात तो भट्टीवर होता. चाकणकडून गिअर आणि शाफ्ट यायचे, भट्टीत लाल होऊन, तेलात बुडून, कडक होऊन परत जायचे. समाधान दाराच्या भोकातून एकदा आत डोकावला की लोखंडाच्या रंगावरून आच सांगायचा, आणि काट्यावरचा आकडा बहुतेक तोच निघायचा. या नोकरीवर त्याने बहिणीला बी. कॉम. केलं, आणि तिच्यासाठी दादासाहेबांकडे शब्द टाकला. ऑफिसात ती एकटीच. बिलं, फोन, गाड्यांचे गेटपास आणि कॉम्प्युटरचं जे काही असेल ते तिच्याकडे.

भट्टीबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं समजेल. भट्टीत जो वायू सोडतात तो लोखंडाला कडक करतो, आणि माणसाला झोपवतो. त्याला रंग नाही, वासही नाही. आधी डोकं दुखतं, मग सुस्ती येते, मग माणूस बसल्या जागी कलंडतो आणि आपण कलंडलो हे त्याला कळतही नाही. म्हणून भट्टीमागच्या खांबावर एक पेटी बसवलेली होती. हवेत वायू वाढला की पेटीवर लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा. वायू वाढलेलाच राहिला तर समाधानच्या आणि सुपरवायझर अर्जुनरावांच्या फोनवर निरोप यायचा. पण भट्टीचं दार उघडलं की थोडा वायू बाहेर पडणारच, त्यामुळे भोंगा दिवसभर कोकलायचा. शेवटी कुणीतरी त्याच्या तोंडात यंत्रं पुसायच्या सुती चिंध्यांचा बोळा कोंबला. फोनवर निरोप येतोच की, असं सगळ्यांचं म्हणणं.

हा निरोप म्हणजे एक साधा मेल होता. पेटी बसवणाऱ्या कंपनीने भाड्याने घेतलेल्या कुठल्याशा दूरच्या सर्व्हरवरून तो निघायचा, पण पाठवणारा म्हणून नाव मात्र दादासाहेबांच्या कारखान्याचं असायचं. योगिनी नोकरीला लागायच्या आधीपासूनची ही व्यवस्था. तिच्या फोनवर तो कधी येत नसे. समाधान घरी बोलताना त्याला 'भट्टीचा निरोप' म्हणायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी माणूसच येऊन सांगून जातो.

भाद्रपदात कारखान्याच्या गेटवर अनोळखी माणसं येऊ लागली. पहिलं आलं ते नांदेडकडचं एक जोडपं, कडेवर मूल आणि पाठीवर वळकटी. नवऱ्याने मोबाइल पुढे केला. सोमवारपासून कामावर हजर व्हा, असा मेल होता. दादासाहेब बाहेर आले. भोसरी गावठाणातलं जुनं घराणं त्यांचं. शेतं गेली, तिथे शेड उभ्या राहिल्या, पण बोलणं बदललं नाही.

"कुनी बोलावलं तुमाला?"

"तुम्हीच की, साहेब. बघा, तुमच्याच कंपनीचा मेल हाय. खोली सोडून आलोत आम्ही."

योगिनीने फोन हातात घेतला. पत्ता हुबेहूब कारखान्याचा, एका अक्षराचाही फरक नाही. तिने तो पाठवला नव्हता, आणि कामावर बोलावण्याचे मेल तिच्याशिवाय दुसरं कुणी पाठवत नसे. बाई रडली नाही की भांडली नाही. ती तो मेल पुन्हापुन्हा वाचत राहिली, जणू नीट वाचलं तर त्यातून काम निघेल. मला हे सांगताना योगिनी म्हणाली, "बाई, आपल्या नावाने कुणीतरी दुसरंच बोलतंय, आणि आपल्याला ऐकू येत नाहीये. मला त्या दिवसापासून पाठीमागे कुणी उभं असल्यासारखं वाटतं."

मग आणखी लोक आले. पाठोपाठ चाकणच्या मोठ्या कंपनीचा फोन आला: तुमच्या डोमेनची, म्हणजे मेलच्या पत्त्यातल्या नावाची, ओळखपडताळणी झाल्याशिवाय यापुढे तुमचे मेल आम्ही घेणार नाही. योगिनीने रात्रंदिवस वाचून ती भानगड समजून घेतली आणि दादासाहेबांपुढे मांडली.

"साहेब, तीन नोंदी कराव्या लागतात. एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क."

"औषदं हायत का ही? जेवनाआदी घ्यायची का नंतर?"

ती हसली. "तुमच्या घरच्या लग्नाची सुपारी सोयऱ्यांकडे कोण घेऊन जातं?"

"आमचा गुरव. पिढ्यान्‌पिढ्या."

"मग पहिली नोंद म्हणजे, आमच्याकडून फक्त गुरव येईल हे सगळ्यांना सांगून ठेवायचं. कोणकोणत्या सर्व्हरवरून आपले मेल निघतात त्यांची नावं. दुसरी नोंद म्हणजे सुपारीवरची आपली खूण, जी दुसऱ्याला करता येत नाही. आणि तिसरी म्हणजे सोयऱ्यांना सूचना. खूण नसलेला कुणी आला तर काय करायचं? आत घ्यायचं, ओसरीवर थांबवायचं, की दारातूनच घालवून द्यायचं?"

"घालवूनच द्यायचं! इचारायचं काय त्यात?"

"एकदम नाही, साहेब. आधी नुसतं बघायचं. कोण कोण आपल्या नावाने येतं त्याचा रोजचा अहवाल येतो. आपलंच कुणी यादीत राहून गेलं असेल तर त्यात दिसतं. काही आठवडे सगळं नीट चालू असताना बघायचं, मग दार लावायचं."

एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने खात्याखात्यात जाऊन विचारलं, कारखान्याच्या नावाने मेल कोण कोण पाठवतं? स्टोअरवाल्याने सांगितलं, आठवड्यातून एकदा येणाऱ्या हिशेबनिसाने सांगितलं, अर्जुनराव म्हणाले, "मी कुठला पाठवतोय, मला आलेले वाचायला वेळ नाही." समाधानला तिने घरीच विचारलं. तो जेवता जेवता म्हणाला, "योगे, मी भट्टीवर काम करतो. मी कुणाला मेल करू, अग्निदेवाला?"

नोंदी करून, बघण्याची सुरुवात होईपर्यंत दिवाळी आली. आमच्या या पट्ट्यात दिवाळी म्हणजे कारखाने बंद. खोल्यांना कुलपं लागतात, माणसं लातूर, बीड, नांदेडच्या गाड्यांना लोंबकळत जातात, आणि रस्त्यावर कुत्रं आडवं पडलं तरी त्याला उठवायला कुणी नसतं. भट्टीही वर्षातून एकदाच थंड होते, ती दिवाळीत. समाधान आणि त्याची बायको सायली गावी गेले. योगिनी मागे राहिली, कारण शांतपणे काम करायला तिला हेच दिवस बरे वाटले. रोज अहवाल उघडायची. यादीतली नावं यायची आणि खोटे मेल पाठवणारा तो अनोळखी यायचा. बाकी कुणी नाही. सगळं स्वच्छ.

दादासाहेबांचा फोन आला. "पांडवपंचमीला भट्टी पेटवायची हाय. नारळ फुटला की तू तुजं ते दार लावून टाक. मुहूर्त बरा हाय."

"साहेब, अजून थोडे दिवस थांबलं तर..."

"अगं, नवं काम बिनमुहूर्ताचं करू ने. पुना असा दिस कदी यायचा? यादी झाली न्हवं तुजी?"

"झाली."

"मंग?"

दादासाहेबांच्या आजोबांनी विहीरही मुहूर्तावर खणली होती आणि तिला पाणी लागलं होतं. त्यांच्यापुढे काय बोलणार? शिवाय ते जोडपं तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. दार जितक्या लवकर लागेल तितकं बरं, असं तिलाही वाटत होतंच.

पांडवपंचमीला भट्टीची पूजा झाली. यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या. खांबावरच्या पेटीलाही कुणीतरी हौसेने घसघशीत माळ घातली, दिव्यावरून खाली रुळेल अशी. नारळ फुटला. अर्जुनरावांनी भट्टी पेटवली, आणि ऑफिसात योगिनीने तिसरी नोंद बदलली: ओळख न पटणारा मेल दारातून घालवून द्यावा. सगळ्यांनी पेढे खाल्ले.

गेटवर येणारी माणसं खरोखर थांबली. चाकणहून कौतुकाचा फोन आला. त्यानंतर योगिनी एका गुरुवारी माझ्याकडे आली. औद्योगिक भागाची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, त्यामुळे ती भोसरीहून बस धरून चिंचवडला माझ्याकडे येते ती गुरुवारी. मोठ्या उत्साहात सांगत होती.

"बाई, चोर अजून येतोय! पूर्वीचा थांबला, आता दुसराच कुणीतरी आलाय. सिंगापूरच्या कुठल्या भाड्याच्या सर्व्हरवरून. आमच्या नावाने रोज दार ठोठावतो आणि रोज परत जातो."

"दमत नाही का गं?"

"वाढतच चाललाय. पहिल्यांदा तुरळक यायचा, आता सारखा येतो. पण एकही आत शिरला नाही."

मला बरं वाटलं. तिचा चेहरा किती दिवसांनी मोकळा दिसत होता.

घरी मात्र समाधानचं डोकं दुखू लागलं होतं. कामावरून आला की कपाळाला रुमाल बांधून भिंतीला टेकायचा. सायलीने चष्म्याचा नंबर तपासून घेतला. नवा चष्मा आला, डोकं तसंच. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. थंडी वाढली तसं सकाळच्या पाळीचे लोक शेडचं शटर खाली ओढून काम करू लागले, आणि भट्टीच्या सगळ्यांत जवळ असणारा समाधान जास्तच सुस्तावला. जेवताना घास हातात धरून बसून राहायचा.

"भाऊ, भट्टीवर काही बिघाड तर नाही ना?" योगिनीने एकदा विचारलं.

"उलट यंदा भट्टी शहाणी झालीय," तो डोळे मिटूनच म्हणाला. "दिवाळीपासून एक निरोप नाही. नाहीतर दोन-चार दिवसाला टुंग करायचीच."

योगिनीला ते ऐकून बरं वाटलं. हे तिने मला पुढे सांगितलं तेव्हा तिला माझ्याकडे बघवत नव्हतं.

मार्गशीर्ष लागला. सायली गुरुवारचं लक्ष्मीचं व्रत करते. घट मांडला होता, पाच फळं ठेवली होती. संध्याकाळी समाधान अंघोळ करून आला, आरतीला उभा राहिला, खिरीची वाटी दोनदा मागून घेतली आणि बायकोची थट्टाही केली.

"देवीला म्हणावं, खिरीत साखर जरा हात सैल सोडून घालायला सांग हिला."

सायलीचे डोळे भरून आले. आत येऊन ती योगिनीला हळूच म्हणाली, "ताई, बघितलं का? गुरुवारी कसे खडखडीत असतात. मागच्या गुरुवारीही असंच. डोकं नाही, काही नाही. शुक्रवारी कामावरून आले की पुन्हा सुरू. व्रताचंच फळ आहे हो हे. मी उद्यापन मोठं करणार."

"कर की," योगिनी म्हणाली. तिलाही ते खरं वाटावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिसात आली. समाधान आधीच पाळीवर गेलेला. सवयीने तिने चोराचे अहवाल उघडले. आदल्या दिवशीचा अहवाल कोरा होता. चोर आलाच नव्हता. तिला आश्चर्य वाटलं, म्हणून तिने मागचे काढले. बुधवारी आलेला. मंगळवारी आलेला. त्याच्या मागच्या गुरुवारी नाही. त्याच्याही मागच्या गुरुवारी नाही.

सिंगापुरात बसलेल्या चोराला भोसरीच्या सुट्टीचं काय? गुरुवारी सुट्टी घेतात ती फक्त इथली माणसं आणि इथली यंत्रं. भट्टी गुरुवारी गरम ठेवतात, पण माल भरत नाहीत आणि वायू बंद असतो. दिवाळीत भट्टी थंड होती, तेव्हाही हा चोर नव्हता. आणि दिवाळीपासून भट्टीचा एकही निरोप नाही.

खुर्ची मागे पडली ती तिने उचलली नाही. अंगण ओलांडून ती शेडकडे धावली. शेजारच्या शेडमध्ये तापलेलं लोखंड ठोकणारा फोर्जिंगचा हातोडा पडत होता, पायाखालची जमीन हादरत होती, तिची हाक तिलाही ऐकू येत नव्हती. शटर खाली होतं. तिने आधी साखळी ओढून ते वर केलं. असं आधी का केलं ते तिला आजही सांगता येत नाही. मग ती भट्टीमागे गेली.

समाधान खांबाला टेकून बसला होता. मांडीवर पाना. चेहरा गुलाबी, नुकताच तेल लावून न्हाऊ घातलेल्या बाळासारखा. त्याच्या डोक्यावर पेटी, आणि पेटीवर पांडवपंचमीची वाळून काळपटलेली माळ. योगिनीने ती ओढून काढली. आत लाल दिवा जळत होता. किती दिवसांपासून ते दिव्यालाच माहीत.

"भाऊ! भाऊ, ऊठ!"

त्याने डोळे किलकिले केले. "निरोप आला का?" असं काहीतरी पुटपुटला आणि मान टाकली.

अर्जुनराव आणि पाळीतले बाकीचे चहाला गेले होते, ते कप टाकून धावत आले. हातोड्यावरची माणसं आली. त्यांनी त्याला उचलून बाहेर उन्हात आणलं. दिवाळीत भट्टी थंड होऊन पुन्हा तापली तेव्हा दाराच्या कडेची, वायू आत अडवणारी पॅकिंग एका अंगाने सुटली होती. चीर बारीक होती, रोज थोडी वाढत गेली. पेटी रोज ओरडत होती. पहिल्यांदा तुरळक, मग सारखी. आणि योगिनीने लावलेलं दार तिला रोज परत पाठवत होतं.

समाधान वाचला. बरेच दिवस त्याच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. दादासाहेब दवाखान्यात आले आणि बाकावर योगिनीच्या शेजारी बसले. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवत म्हणाले, "मुहूर्त माजा व्हता, पोरी. तू थांब म्हनली व्हतीस."

"यादी माझी होती, साहेब."

त्या आठवड्यात ती माझ्याकडे आली, दाराशीच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माणसांना विचारलं मी. भट्टीला कुणी विचारायचं? ती दिवाळीत गैरहजर होती, आणि मी रिकामा बाक बघितलाच नाही." मी तिला आत घेतलं.

घरी आला तो समाधान पूर्वीचा नव्हता. बोलता बोलता शब्द हरवायचा. सायलीला एकदा आईच्या नावाने हाक मारली. कारखान्यात गेला तेव्हा अर्जुनरावांनी त्याला भट्टीच्या भोकातून बघायला लावलं. तो पुष्कळ वेळ आत बघत राहिला. मग वळून म्हणाला, "लाल आहे." बस, एवढंच. किती लाल, ते त्याला आता दिसत नाही. दादासाहेबांनी त्याला गेटवर बसवलं आहे. मोकळ्या हवेत.

पॅकिंग बदलली. भोंग्यातला बोळा काढला, शटर अर्धं वर ठेवण्याची सक्ती झाली, पेटीला माळ घालायची नाही असा दादासाहेबांचा हुकूम आहे. योगिनीने यादीत भट्टीचं नाव घातलं, निरोपाच्या मेलवर कारखान्याची खूण उमटेल अशी सोय पेटीवाल्यांकडून करून घेतली. निरोप आता तिच्याही फोनवर येतात. दार तसंच बंद आहे, आणि गेटवर वळकटी घेऊन कुणी येत नाही.

पण आता तिला शांततेची भीती वाटते. निरोप आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, की निरोप पुन्हा कुठेतरी अडला आहे? म्हणून तिने पेटीला रोज सकाळी एक मेल पाठवायला लावलं आहे, वायू असो नसो. त्यात एकच शब्द असतो: हजर.

गेल्या गुरुवारी ती आली तेव्हा मी चहा पुढे ठेवला. तिने फोन टेबलावर उताणा ठेवला होता आणि त्याच्याकडे बघत होती. चहावर साय धरली.

"घे ना गं."

"आजचं 'हजर' अजून आलं नाही, बाई."

"आज तर सुट्टी आहे. भट्टी बंद असेल."

"सुट्टीच्या दिवशीही येतं." तिने फोन उचलून भावाला लावला. गुरुवारीही तो सवयीने गेटवर जाऊन बसतो. घरी करमत नाही म्हणतो.

"भाऊ, कुठं आहेस?"

पलीकडे बराच वेळ काही नाही. तो शब्द शोधत असावा.

"गेटवर."

"बाहेर ना?"

"बाहेरच की, योगे. उन्हात बसलोय."

"आत जाऊ नकोस. मी येते."

तिने पिशवी खांद्याला लावली. चप्पल घालताना तिने फोन पुन्हा एकदा बघितला. काही नव्हतं. मी तिला थांब म्हटलं नाही. जिन्यावरून तिची पावलं उतरत गेली, आधी चालती, मग धावती.